घाटातील खोळंबा

प्रवासास निघताना आपण शिदोरी आठवणीने बांधतो, मुलांचे कपडे मोजून घेतो, घराची किल्ली शेजारी ठेवतो. परंतु ज्या वाहनाच्या भरवशावर सारे कुटुंब निघते, त्याची विचारपूस मात्र क्वचितच करतो. हा प्रमाद आमच्याकडूनही घडला आहे. काही कुटुंबांसह गोव्याहून बेळगावी परतत असता चोर्ला घाटाच्या चढणीवर आमची भाड्याची लहान बस वाफ सोडू लागली व थांबली. एका उत्साही तरुणाने लागलीच रेडिएटरच्या झाकणास हात घातला. वृद्ध चालकाने त्याचे मनगट धरले नसते, तर उकळते पाणी त्याच्या तोंडावर उसळले असते. "फादर, तास गेला तरी चालेल, पोराचे डोळे गेले तर कुठून आणायचे?" चालकाचे हे शब्द आम्ही विसरलेलो नाही.

त्या तासाभरात कंटाळलेल्या मुलांस आम्ही एक खरी हकीकत सांगितली, ती वाचकांपुढे ठेवतो.

जर्मनीतील कार्ल बेंझ यांनी 1886 साली आपल्या तीनचाकी मोटारगाडीचे पेटंट घेतले; पण ते विकत घेण्यास लोक धजत नव्हते. त्यांच्या पत्नी बर्था यांनी विवाहापूर्वीच आपला पैसा या उद्योगात घातला होता. 1888 च्या ऑगस्ट महिन्यात एके सकाळी, पतीस न सांगता, दोन मुलांना घेऊन त्या मानहाइमहून आपल्या माहेरी, फोर्झहाइमला, निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरहून अधिक; वाटेत ना पेट्रोलपंप, ना दुरुस्तीचे दुकान.

अडचणी एकामागून एक आल्या. इंधन संपत आले, तेव्हा वीसलोख गावातील औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन नावाचा द्रव घेतला. तो त्या काळी डाग काढण्यासाठी विकला जाई. इंधनाची नळी तुंबली, ती बाईंनी टोपीच्या लांब टाचणीने मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरील वेष्टन झिजले, तेथे मोज्याचा बंद गुंडाळला. साखळी लोहाराकडून नीट करून घेतली. लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर कातडे ठोकून घेतले. पाणी सतत आटत असल्याने जेथे मिळेल तेथे भरले, आणि चढणीवर गाडी ढकलली. सायंकाळी माहेरी पोहोचताच पतीस तार गेली. पुढे बेंझ यांनी चढणीसाठी आणखी एक गिअर बसविला. प्रवासातील खोळंब्यानेच यंत्रास शहाणे केले.

आजच्या गाडीत टाचणीने भागणार नाही. पण पाणी, ब्रेक आणि धीर यांचे महत्त्व तेच आहे. म्हणून निघण्यापूर्वी रेडिएटरचे पाणी, चाकांतील हवा, स्टेपनी व जॅक पाहून घ्यावे. इंजीन तापल्यास ते बंद करावे व पूर्ण निवेपर्यंत झाकणास हात लावू नये. उतारावर पेट्रोल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे हा आत्मघात होय. खालच्या गिअरात उतरावे, म्हणजे ब्रेकवर सारा भार पडत नाही. ब्रेकचा करपट वास आला, तर सुरक्षित जागा पाहून थांबावे. गाडी बंद पडल्यास ती शक्य तितकी डावीकडे घ्यावी, इशाऱ्याचे दिवे लावावेत, मागे काही अंतरावर त्रिकोणी फलक ठेवावा, आणि मुलांबाळांस रस्त्यापासून दूर बसवावे. गाडीच्या मागे कोणी उभे राहू नये. संकटकाळी 112 हा क्रमांक फिरवावा.

आणखी एक विनंती. चाकास लावलेला दगड निघताना बाजूस टाकण्यास विसरू नका. आपली अडचण टळली, पण अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वारास तोच दगड प्राणघातक ठरेल. त्या दिवशी आमच्या चालकाने गाडी सुरू होताच ती पुन्हा थोडी पुढे उभी केली, खाली उतरून दोन्ही दगड कडेच्या झाडीत ठेवले आणि मगच बेळगावची वाट धरली. आम्हांस घरी पोहोचण्यास रात्र झाली. पण सारे पोहोचले.