सांध्यातील फट आणि मनातील अढी

तंजावरच्या उत्तरेस, कावेरीच्या काठी वसलेले तिरुवैयारु हे कर्नाटक संगीताचे तीर्थक्षेत्र मानले जाते. संत त्यागराजांची समाधी येथे आहे आणि दरवर्षी पौष वद्य पंचमीला त्यांच्या आराधनेसाठी ठिकठिकाणचे कलावंत येथे जमतात. तंजावरच्या मराठी राजवटीमुळे या परिसराशी आपले नातेही जुने आहे. फणसाच्या लाकडापासून घडविली जाणारी प्रसिद्ध तंजावर वीणा याच भागातील. ती दोन प्रकारची असते. एक, अखंड ओंडक्यातून कोरून काढलेली. दुसरी, भोपळा, दांडी आणि शिरोभाग स्वतंत्र घडवून जोडलेली. जोडवीणेत सांधा असणारच. तो दिसणे हा दोष नव्हे; परंतु तारांच्या ताणाखाली तो हलू लागला, तर स्वर ढळतो.

दिसणारा सांधा आणि हलणारा सांधा यांतील हा भेद एका अगदी निराळ्या वस्तूच्या बाबतीतही मोलाचा ठरतो. ती वस्तू म्हणजे स्पोर्ट्‌स कार. हौसेने आणि बरीचशी पुंजी खर्चून अशी गाडी घेणाऱ्या मालकाच्या मनात पुष्कळदा एकच सल असतो : डाव्या दरवाजाची फट उजव्यापेक्षा रुंद आहे, बॉनेट एका कोपऱ्यात किंचित उचललेले आहे, डिकीची कड सरळ रेषेत नाही. गाडी उत्तम धावते, पण नजर मात्र पुनःपुन्हा त्या फटीवरच जाते.

आपल्या अपेक्षा उंचावण्यास मोठ्या कारखान्यांची अचूकता कारणीभूत आहे. १९९० च्या दशकात लेक्ससच्या एका जाहिरातीत गाडीच्या फटीवरून पोलादी गोळी घरंगळत जाताना दाखविली होती. यांत्रिक हातांनी जोडलेल्या आजच्या साध्या मोटारीतही फटी बहुधा तीन-चार मि.मी.च्या आणि एकसारख्या असतात. थोड्या संख्येने बांधल्या जाणाऱ्या गाड्यांना हे साधत नाही. शेव्हरोलेची कॉर्व्हेट १९५३ मध्ये बाजारात आली, तेव्हा पहिल्या वर्षीच्या अवघ्या ३०० गाड्या अमेरिकेतील फ्लिंट येथे बव्हंशी हातांनीच बांधल्या गेल्या. एवढ्या बलाढ्य कंपनीलाही फायबरग्लासचे भाग नीट जुळविताना कष्ट पडले. आपल्याकडील सॅन मोटर्सची दोन आसनी स्टॉर्म हीदेखील फायबरग्लासच्या अंगाची. डीसी डिझाइनची अवंती २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात झळकली. पुढे ती रस्त्यावर आल्यावर परीक्षकांनी तिच्या रूपाचे कौतुक केले, तसेच असमान फटींवर बोटही ठेवले.

यामागील कारण समजून घेतले, की निम्मी अढी गळून पडते. पत्रा दाबून आकार देणारे साचे अतिशय महाग असतात. मोजक्या गाड्यांवर तो खर्च वसूल होत नाही. म्हणून छोटे निर्माते फायबरग्लासकडे वळतात. त्यातील रेझिन घट्ट होताना थोडे आकसते, हाताने थर देताना जाडी कमी-अधिक होते, आणि खालच्या पोलादी सांगाड्याच्या जोडकामातील फरक त्यात मिसळतो. हिशेबातील पूर्णांकनाचे किरकोळ फरक जसे अखेरच्या बेरजेत उघडे पडतात, तसे हे सारे फरक दरवाजाच्या कडेशी येऊन साचतात.

यांतील काही फरक निश्चितच कमी करता येतात. बिजागरीचे बोल्ट सैल करून दरवाजा सरकविता येतो, कुलपाची खुंटी हलविता येते, बॉनेटखालील रबरी ठोकळे वर-खाली करता येतात, पातळ चकत्या घालता येतात. कुशल कारागीर न हलणाऱ्या भागापासून आरंभ करून पुढे सरकतो. मात्र त्यापलीकडचा हट्ट महागात पडतो. कडेला लांबी भरून फट अरुंद केली, तर उन्हात भाग प्रसरण पावल्यावर किंवा खड्ड्यात सांगाडा किंचित पिळवटल्यावर कडा एकमेकींना घासतात. रंग उडतो, लांबी तडकते. तो भाग नव्याने रंगवावा, तर छटा जुळत नाही. एक मिलिमीटर सुधारण्याच्या नादात मूळ अंगच बिघडते.

मग कोणती फट सोसावी आणि कोणती सोसू नये? उत्तर सोपे आहे : जी स्थिर आहे ती सोसावी, जी बदलते ती सोसू नये. सपाट जागी गाडी उभी करावी. तीन, चार, पाच मि.मी. जाडीच्या ड्रिलच्या काड्या घेऊन ठरावीक आठ-दहा ठिकाणी फटी मोजाव्यात व वहीत नोंदवाव्यात. सहा महिन्यांनी पुन्हा मोजाव्यात. आकडे तेच असतील, तर ती गाडीची जन्मखूण समजावी. आकडे बदलले, दरवाजा लावताना उचलावा लागू लागला, टायर एकाच बाजूने झिजू लागला किंवा गालिच्याखाली ओल दिसली, तर बिजागरी झिजली आहे, सांगाडा गंजला आहे किंवा जुन्या अपघाताची दुरुस्ती उघडी पडत आहे, असा संशय घ्यावा. छप्पर नसलेल्या गाडीत एक परीक्षा विशेष उपयुक्त : एका बाजूने जॅक लावल्यावर दरवाजाची फट लक्षणीय बदलली, तर तळातील आधार कमकुवत झालेला असू शकतो. येथे प्रश्न देखणेपणाचा राहत नाही, जिवाचा होतो.

जुनी गाडी कर्जाने घेऊ इच्छिणाऱ्या ग्राहकांनी हे अवश्य ध्यानी ठेवावे. गाडीत पुढे कोणताही दोष निघाला, तरी कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. म्हणून व्यवहारापूर्वी स्वतंत्र जाणकाराकडून सांगाडा आणि चाकांची जुळणी तपासून घ्यावी. दुरुस्तीची जुनी बिले मागावीत. विम्याची मर्यादाही ओळखावी. नेहमीच्या मोटार विम्यात मूळची बेजुळणी किंवा झीज यांची भरपाई मिळत नाही. अपघाताच्या दाव्यातही फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के, तर रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा वजा होतो. घसारामुक्त पुरवणी घेतलेली नसेल, तर हा भार मालकावरच पडतो.

हौसेच्या वस्तूवर खर्च करताना क्रम तेवढा चुकू नये : प्रथम तपासणी, मग आवश्यक ती दुरुस्ती आणि सर्वांत शेवटी देखणेपण. पहिल्या दोन्हींत गाडी खरी उतरली असेल, तर उरलेल्या फटीसह तिचा निःशंक मनाने आनंद घ्यावा.