मधुमेह, उपवास आणि भीमाशंकरची पायवाट

श्रावणात कर्जतकडच्या खांडस गावातून भीमाशंकरला चालत जाणारे बरेच असतात. गणेश घाटाने गेलात तरी चढायला काही तास लागतात. शिडी घाट त्याहून अवघड, पावसात तर निरोगी माणसानेही टाळावा असा. त्यात सोमवारचा उपवास! सकाळी नेहमीची गोळी, पोटात नुसता चहा आणि समोर चढ. साखर उतरायला एवढं पुरतं.

चालताना स्नायू रक्तातली साखर भराभर वापरतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोट रिकामं असलं तरी साखर उतरवतच राहते. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी.

थरथर, धडधड, घाम, असंबद्ध बोलणं ही लक्षणं. पण घाटात घाम सगळ्यांनाच येतो, म्हणून फसगत होते. शंका आली की बसा. साखर ७० च्या खाली असेल, किंवा मीटरच जवळ नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. मग केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू खा, उपवासालाही चालतो. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवून १०८ ला फोन करा.

त्या दिवशीचा डोस आधीच डॉक्टरांना विचारून ठरवा. इन्सुलिन मांडीऐवजी पोटावर घ्या. साखर रात्री झोपेतही उतरू शकते, तेव्हा झोपण्यापूर्वी तपासा. तळवेही पाहा, कारण पाय बधिर असतील तर फोड आलेला कळत नाही.