औषध नको, आधी पाणी विचारा!

जुलै २०२३ आठवतोय ना? टोमॅटोनं किलोला शंभरी ओलांडली होती. भाजीवाल्या मावशींना भाव विचारायचा आणि मुकाट्यानं पुढे सरकायचं, असं चाललं होतं. कुणी आमसुलावर भागवलं, कुणी चिंचेवर. त्याच महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी मोठ्या उत्साहानं जाहीर केलं, ‘‘बायांनो, आता प्रत्येकीच्या दारात टोमॅटोची चार रोपं लागलीच पाहिजेत!’’

नर्सरीतून रोपं आणली, वाटली. कुणी अंगणात लावली, कुणी गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यात. रोपं तरारली, पिवळी फुलं आली, सप्टेंबरात हिरवी फळं लटकली. आणि मग एकेकीचे फोन सुरू झाले. ‘‘ताई, टोमॅटोचं बूड काळं पडतंय. वरून छान दिसतं, उलटं करून बघितलं तर खालून कातड्यासारखं काळं!’’

गटातली एक धाकटी मैत्रीण तर रडकुंडीला आली होती. लग्न होऊन आल्यापासून या घरात ‘माझं’ म्हणावं असं तिनं पहिल्यांदाच काही लावलं होतं. मी तेव्हा दुसऱ्या गावी मेळाव्याच्या गडबडीत होते. घाईत म्हटलं, ‘‘अगं, मार ना एखादं औषध.’’

हे चार शब्द मला पुढे फार महागात पडले.

घरात दिरांनी शेतातून आणलेली कपाशीच्या औषधाची अर्धी बाटली होती. तिनं तीच पाण्यात मिसळून झाडांवर मारली. तिसऱ्या दिवशी तिच्या पाच वर्षांच्या लेकीनं गच्चीवर जाऊन एक लालबुंद टोमॅटो तोडला आणि तिथंच खायला लागली. आईनं पाहिलं, तोंडातला घास काढला, तोंड धुतलं आणि औषधाची बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पोरीला रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. देवाच्या दयेनं काही झालं नाही. पण मी दवाखान्यात पोचले तेव्हा ती माऊली मला एका शब्दानंही बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. फवारणीच्या विषबाधेनं २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात किती घरं उजाड झाली, ते पेपरात वाचून मीच बैठकीत हळहळले होते. आणि तेच विष माझ्या एका वाक्यानं गच्चीवर पोचलं होतं.

दुसऱ्याच दिवशी काळ्या बुडाची चार-पाच फळं पिशवीत घातली आणि कृषी विज्ञान केंद्र गाठलं. तिथल्या सरांनी फळ उलटं करून पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘पाणी कधी देता?’’

आता आमच्या गावात नळाला पाणी येतं चौथ्या दिवशी. पाणी आलं की बाया झाडांनाही अगदी मायेनं बादली-बादली ओतणार. मग तीन दिवस कोरडं. त्यात त्या वर्षीचा ऑगस्ट पावसाविना गेलेला. सर म्हणाले, ‘‘ही कीड नाही, बुरशी नाही, रोगच नाही. फळाला कॅल्शियम म्हणजे चुना कमी पडतोय. मातीत तो बहुतेक वेळा असतो, पण पाण्यासोबतच तो झाडात चढतो. पाणी कधी पूर, कधी दुष्काळ असं झालं, की फळाच्या टोकापर्यंत तो पोचतच नाही. तिथली साल, गर मरतो. यावर कुठलंच कीटकनाशक चालत नाही.’’

म्हणजे औषधाची गरजच नव्हती! घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘‘अगं, तान्ह्या लेकराला चार दिवसांचं दूध एकदम पाजतं का कुणी?’’ त्यांना आधी विचारलं असतं, तर दवाखाना पाहावा लागला नसता.

मग आम्ही काय केलं? डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी मोरीत न सोडता एका बादलीत साठवायला लागलो. रोज सकाळी बोट मातीत दोन पेरं खुपसून बघायचं. कोरडं लागलं तर घालायचं, ओल लागली तर थांबायचं. बुडाशी वाळलेला पाला, उसाचं पाचट, नाहीतर नारळाच्या शेंड्या दोन-तीन बोटं जाड पसरल्या. ऊन थेट मातीवर पडेनासं झालं, ओल टिकली. आधीची काळी फळं तोडून टाकली. नवीन धरलेली फळं बहुतेक स्वच्छ निघाली. फवारलेल्या त्या चार झाडांची फळं मात्र तिनं मनावर दगड ठेवून खड्ड्यात पुरली.

मैत्रिणींनो, तेव्हापासून टोमॅटो लावताना आम्ही या गोष्टी पाळतो:

* दिवसाला सहा तास तरी ऊन मिळेल अशीच जागा. सावलीत झाड नुसतं उंच वाढतं.
* कुंडी किंवा डबा निदान फूटभर खोल हवा, तळाला भोकं हवीतच. पाणी साचलं की मुळं कुजतात.
* रोप लावताना खालची पानं काढून खोड थोडं खोल पुरावं. पुरलेल्या खोडालाही मुळ्या फुटतात.
* पाणी बुडाशी द्यावं, पानांवर नको. ओल्या पानांवर करपा लवकर पसरतो. मातीला टेकलेली खालची पानं खुडून टाकावीत.
* काठीचा आधार लवकर द्यावा, सुतळी सैल बांधावी.
* युरियाचा मोह नको. पानं माजतात, फळं कमी लागतात. कुजलेलं शेणखत पुरे.
* वांगी, मिरची, टोमॅटो एकाच कुळातले. त्याच मातीत पाठोपाठ लावू नयेत.
* पानं आकसून वर वळली, झाड खुजं राहिलं, तर तो पांढऱ्या माशीनं पसरवलेला विषाणू असू शकतो. त्यावर इलाज नाही. असं झाड उपटून टाकावं म्हणजे बाकीची वाचतात.
* शेतातलं औषध घरच्या भाजीवर कधीही नाही. ते घरात, मुलांच्या हाताशी ठेवायचंही नाही.

खरं सांगू? आमचे टोमॅटो पिकेपर्यंत बाजारातला भाव केव्हाच कोसळला होता. पैशांची बचत काही फार झाली नाही. पण ती धाकटी मैत्रीण गट सोडून गेली नाही. पुढच्या वर्षी तिनं स्वतः रोपं तयार केली, गटात वाटली आणि पहिल्या तोडणीतले चार टोमॅटो पदरात बांधून माझ्याकडे घेऊन आली. ‘‘ताई, बिनधास्त खा,’’ म्हणाली, ‘‘न धुता खाल्लेत तरी चालतील.’’

आता कुणाचाही फोन आला, की मी हातातलं काम बाजूला ठेवते. औषधाचं नाव काढत नाही. आधी विचारते, ‘‘पाणी कधी घातलं होतंस गं?’’