रानात कोणता चाकू न्यावा? कोयत्याला विचारा!

शुक्रवारची रात्र झाली की बेळ्ळंदूरच्या आउटर रिंग रोडवरून टेम्पो ट्रॅव्हलर भरून निघू लागतात. कुणी कुद्रेमुखला, कुणी कुमार पर्वताला, कुणी जवळच्या सावनदुर्गाला. त्यात पुण्या-नाशिकची, कोल्हापूर-बेळगावची मराठी मंडळीही भरपूर असतात. टॉर्च, रेनकोट, ठेपले, चिवडा असं सगळं सॅकमध्ये भरून होतं आणि मग एक वस्तू हळूच आत सरकते. ऑनलाइन मागवलेला ‘सर्व्हायव्हल नाइफ’! काळं कुळकुळीत पातं, पाठीवर करवतीसारखे दात, मुठीच्या टोकाला होकायंत्र. मुलांचे डोळे चमकतात आणि आई विचारते, “एवढा मोठा चाकू कशाला?”

प्रश्न अगदी योग्य आहे. रानात उपयोगी पडेल असा चाकू निवडायचा असेल तर सुरुवात याच प्रश्नापासून करायला हवी. उत्तरासाठी फार लांब जायची गरजही नाही. कोकणातला बागायतदार किंवा कर्जत-पेणकडचा ठाकर बांधव आठवा. त्याच्या कमरेला लाकडी आकडी असते आणि आकडीत कोयता अडकवलेला असतो. मलनाडात सुपारीच्या बागांमधून फिरणाऱ्या माणसाकडे अशीच कत्ती दिसते. रोज रानात जाणाऱ्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या वापरून पारखलेलं हे हत्यार आहे. ते तसंच उचलून आपण सॅकमध्ये टाकू नये, पण चाकू कसा पारखावा हे मात्र त्याच्याकडून शिकता येतं.

रानात चाकू करतो तरी काय?

जाहिरातीत चाकू अस्वलाशी लढतो. प्रत्यक्षात तो दोरी कापतो, काकडी चिरतो, बँडेजसाठी कापड फाडायला मदत करतो आणि तंबूच्या खुंट्यांना टोक काढतो. खरी कसोटी लागते पावसात. भिजलेलं लाकूड पेटत नाही. पण मनगटाएवढी वाळकी फांदी उभी चिरली तर आतला गाभा बहुतेक वेळा कोरडा मिळतो. त्या गाभ्याच्या पातळ ढलप्या काढल्या की विस्तव धरतो. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसासाठी हे काम मोलाचं आहे. आपला चाकू एवढं सगळं नीट करू शकला तर त्याच्याकडून आणखी काही मागायचं कारण नाही.

सिनेमातला चाकू सिनेमातच बरा

१९८२ साली ‘फर्स्ट ब्लड’ हा चित्रपट आला. त्यातल्या रॅम्बोच्या हातातला भला मोठा चाकू अमेरिकन कारागीर जिमी लाइल याने बनवला होता. त्याची मूठ पोकळ होती आणि आत काड्यापेटीच्या काड्या, सुई-दोरा अशा वस्तू मावत. चित्रपट गाजला आणि तशा दिसणाऱ्या स्वस्त चाकूंचा बाजारात पूर आला. आजही ‘सर्व्हायव्हल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी चाकूंचं रूप तेच आहे.

अडचण त्या पोकळ मुठीत आहे. कुशल कारागिराने मन लावून केलेला जोड टिकतो, पण स्वस्त नकलेत पातं मुठीच्या तोंडाशीच संपतं. लाकूड फोडताना सगळा जोर त्या जोडावर येतो आणि पातं निखळतं. पाठीवरच्या दातांनी फांदी कापायला जावं तर ते अडकतात. शिवाय पाठीवर दुसऱ्या लाकडाचा ठोका देऊन चाकू लाकडात उतरवायचा म्हटलं तर तेच दात आड येतात. करवत लागणार असेल तर छोटी घडीची करवत वेगळी न्यावी.

कोयत्याच्या पाच खुणा

आता कोयता नीट पाहा आणि त्यातली प्रत्येक गोष्ट आपल्या चाकूत शोधा.

*पहिली खूण: पातं मिटत नाही.* कोयत्याला बिजागरी नसते. घडीचा चाकू फळं कापायला उत्तम, पण जोर लावताना त्याची कळ सुटली तर पातं बोटांवर मिटतं. जोराच्या कामाला न मिटणारा चाकूच हवा.

*दुसरी खूण: पातं मुठीत खोलवर गेलेलं असतं.* कोयत्याच्या पात्याची शेपटी लाकडी मुठीत आतपर्यंत ठोकलेली असते. चाकू घेताना हेच तपासा. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं असेल आणि दोन्ही बाजूंनी मुठीच्या पट्ट्या रिव्हेटने बसवलेल्या असतील, तर तो चाकू सर्वांत भक्कम. पोलाद कुठवर गेलंय हे दिसत नसेल तर विक्रेत्याला विचारा. उत्तर मिळालं नाही तर दुसरा चाकू पाहा.

*तिसरी खूण: पोलाद असं की धार घरी लावता येते.* गावचे लोहार कोयत्यासाठी बऱ्याचदा ट्रकचे जुने कमानपाटे वापरतात. हे स्प्रिंगचं पोलाद चिवट असतं, वाकून पुन्हा सरळ होतं. त्याला भट्टीत तापवून योग्य वेळी पाणी पाजलं की कठीण धार येते. चाकूच्या बाजारात दोन मुख्य प्रकार मिळतात. कार्बन स्टीलला धार पटकन लागते, पण ते गंजतं. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, त्यामुळे ते सहजासहजी गंजत नाही. सह्याद्रीचा पाऊस आणि किनाऱ्याची खारी हवा लक्षात घेतली, तर अधूनमधून ट्रेकला जाणाऱ्या कुटुंबाला स्टेनलेस सोयीचं. कार्बन स्टील घेतलंत तर वापरून झाल्यावर पुसून कोरडं करा आणि खोबरेल तेलाचा हात फिरवा. त्याच चाकूने पुन्हा फळ कापायचं असलं तरी खोबरेल चालतं.

*चौथी खूण: मूठ साधी असते.* कोयत्याच्या मुठीवर बोटांच्या खाचा नसतात. कारण हात एकाच जागी राहत नाही, कामाप्रमाणे पुढे-मागे सरकतो. खाचांची मूठ दुकानात छान वाटते, पण आपल्या बोटांना त्या खाचा जुळतीलच असं नाही. मूठ ओल्या हाताने धरून पाहा. घसरता कामा नये आणि बोटं पात्यावर जाऊ नयेत म्हणून पुढे थोडा उंचवटा हवा.

*पाचवी खूण: ठेवायची जागा ठरलेली असते.* आकडी नसेल तर कोयता घेऊन कोणी झाडावर चढत नाही. चाकूलाही घट्ट म्यान हवं. म्यान उलटं धरून हलवा. चाकू बाहेर आला तर ते म्यान कामाचं नाही.

मग माप काय असावं?

इथे मात्र कोयत्याची नक्कल करू नये. कोयता फांद्या तोडायला आणि नारळ सोलायला असतो. त्याचं वजन पुढे असतं आणि तो चालवायला सवयीचा हात लागतो. सवय नसलेल्या हातातून निसटला तर तो गुडघ्यावर किंवा नडगीवरच येणार.

ट्रेकसाठी ९ ते १२ सेंटिमीटर लांबीचं, अडीच ते चार मिलिमीटर जाडीचं सरळ पातं पुरेसं आहे. स्वीडनमधल्या मोरा या गावाची चाकू बनवण्याची परंपरा काही शतकांची आहे. तिथला ‘कंपॅनियन’ हा साधा चाकू जगभरचे रानवाटे वापरणारे लोक विश्वासाने जवळ ठेवतात. त्याचं पातं साधारण १० सेंटिमीटर लांब आणि अडीच मिलिमीटर जाड असतं. त्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत जात नाही, त्यामुळे जाड ओंडके फोडायला तो योग्य नाही. पण ढलप्या काढणं, दोरी कापणं, स्वयंपाक अशी ट्रेकवरची बहुतेक कामं तो आरामात करतो. रोज मोठी लाकडं फोडायची नसतील तर एवढा चाकू पुरतो.

पाठीची कडही पाहून घ्या. ती गोल नसून काटकोनात असेल तर ठिणगीच्या कांडीवर घासून विस्तव पेटवता येतो आणि धार खराब होत नाही.

धार नसेल तर चाकू नाही

बोथट सुरी टोमॅटोवरून घसरते आणि बोट कापते, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. रानातही तसंच. बोथट चाकूला जास्त जोर लागतो आणि जास्त जोर लावला की हात सुटतो. म्हणून चाकूबरोबर धार लावायचा एक दगड घ्याच.

दगडावर पातं किती तिरपं धरायचं? एक सोपी युक्ती आहे. चौकोनी कागदाचा कोपरा ९० अंशांचा असतो. तो दुमडा, ४५ झाले. पुन्हा दुमडा, साडेबावीस झाले. साधारण एवढ्याच कोनात पातं धरून दोन्ही बाजू सारख्या घासा. काही चाकूंच्या धारेजवळ रुंद तिरका उतार असतो. तो उतारच दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप साधतो. नवशिक्यांना असे चाकू सोपे जातात.

सर्वांत महत्त्वाचं: चाकू नेता येतो का?

चाकू विकत घेण्याआधी हे वाचाच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या व्याख्येनुसार ‘शस्त्र’ या शब्दात चाकूही येतो आणि तिथे पात्याच्या लांबीची कोणतीही सूट दिलेली नाही. याच कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे, अधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीशिवाय कोणतंही शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांनाही हीच बंदी लागू आहे. कायदा मोडल्यास कैदेचीही शिक्षा होऊ शकते.

आता आपले आवडते ट्रेक आठवा. कुद्रेमुख हे राष्ट्रीय उद्यान आहे. कुमार पर्वत पुष्पगिरी अभयारण्यात येतो. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, १६४६ मीटरचं कळसूबाई, आणि हरिश्चंद्रगड हे दोन्ही एकाच अभयारण्यात आहेत. भीमाशंकर आणि कोयना हीदेखील अभयारण्यंच. म्हणजे ज्या ट्रेकसाठी हौसेने चाकू घेतला, तिथेच तो नेता येत नाही!

मग तिथे काय करायचं? जे कापायचं ते घरूनच कापून न्यायचं. दोरीचे हवे तेवढे तुकडे, बँडेजच्या पट्ट्या, फळांच्या फोडी. विस्तवाचा तर प्रश्नच नको, तिथे जाळ करायचाच नाही. उबेसाठी कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घ्या.

चाकूची जागा वेगळी आहे: स्वतःची शेती, कोकणातली बाग, परवानगी घेतलेला खासगी कॅम्प. तिथेही मोठ्या पात्याचा मोह नको. शस्त्र नियम, २०१६ च्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत, पण काळा ‘कमांडो’ चाकू शेतीचा आहे हे पटवून देणं अवघड जाईल. विमानाने जाणार असाल तर चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इन सामानातच ठेवा.

मुलांना शिकवताना

“चाकू हातात देऊ नये, भांडण होतं,” असं आजी सांगते. भांडणाचं माहीत नाही, पण सवय फार चांगली आहे. चाकू खाली ठेवायचा आणि दुसऱ्याने उचलायचा. त्यात एवढीच भर घाला: चाकू काढण्याआधी हात लांब करून स्वतःभोवती फिरायचं, त्या घेऱ्यात कोणीही नको. धार नेहमी अंगापासून दूर न्यायची. मांडीवर ठेवून काही कापायचं नाही. काम थांबलं की चाकू लगेच म्यानात. आणि खेळ म्हणून जिवंत झाडावर पातं चालवायचं नाही.

चाकू कशासाठी नाही?

साप चावला तर जखमेवर चीर देऊन विष काढायचं, हे सिनेमांनी शिकवलेलं खूळ डोक्यातून काढून टाका. त्याने विष निघत नाही, उलट रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग वाढतो. घट्ट आवळपट्टीही बांधू नका. माणसाला धीर द्या, चावलेला भाग हलू देऊ नका, अंगठी-कडं काढून ठेवा आणि सर्पदंशावरची लस असलेलं रुग्णालय गाठा. मदतीसाठी ११२ वर फोन करा.

आणखी एक गोष्ट. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात एका अरुंद घळीत ॲरन राल्स्टन या गिर्यारोहकाचा हात निसटलेल्या दगडाखाली अडकला. तो पाच दिवसांहून अधिक काळ तिथेच होता. शेवटी जवळच्या स्वस्त, बोथट पात्याने स्वतःचा हात कापून त्याने सुटका करून घेतली. पुढे या घटनेवर ‘१२७ अवर्स’ हा चित्रपट निघाला. या प्रसंगावरून धारदार चाकूचं महत्त्व सांगितलं जातं. पण त्याहून मोठी चूक निघण्याआधीच झाली होती. आपण नेमके कुठे चाललोय हे त्याने कोणालाही सांगितलं नव्हतं, त्यामुळे त्याला शोधायचं कुठे हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

तेव्हा येत्या शुक्रवारी सॅक भरताना क्रम असा ठेवा. कुठे जाणार, कोणत्या वाटेने आणि कधी परतणार, हे घरच्यांना लिहून द्या. ती जागा अभयारण्यात आहे का ते तपासा. असेल तर चाकू घरीच ठेवा आणि ती जागा पाण्याच्या बाटलीला द्या. नसेल तर १० सेंटिमीटरचं साधं पातं धार लावून, घट्ट म्यानात घालून बरोबर घ्या.