मांडवाआधीचा हिशेब

२०२४ सालच्या जून महिन्यातील, पावसाने नुकताच जोर धरलेल्या एका सायंकाळची ही गोष्ट. बेळगावच्या बाजूच्या आमच्या धर्मग्रामातील एक तरुणी आपल्या आईला घेऊन आमच्या ओसरीवर आली. वडील वारल्याला काही वर्षे झालेली, मुलगी एका शाळेच्या कचेरीत कारकून, आई घरी शिवणकाम करणारी. मुलगी उत्साहाने म्हणाली, "फादर, मी लग्नसमारंभाची व्यवस्था पाहण्याचा धंदा काढते आहे. मोठ्या रस्त्यावर एक गाळा पाहून ठेवलाय. येत्या सोमवारी अनामत भरायची. तेवढा आशीर्वाद द्या."

आई काही बोलत नव्हती. हातातील पाटल्या पदराखाली झाकून ती बसली होती. अनामतीची रक्कम त्याच पाटल्या गहाण ठेवून उभी राहावयाची होती, हे आम्हांस थोड्या वेळाने कळले.

आशीर्वाद देणे हे तर आमचे कामच, परंतु आम्ही तिला आधी एक प्रश्न विचारला, "बाळ, वर्षाकाठी तुझ्याकडे लग्ने किती येतील?"

"पुष्कळ येतील, फादर. लग्ने काय कुणाची थांबतात?"

"पुष्कळ हा काही आकडा नव्हे," आम्ही म्हणालो. "सोमवार टळू दे. दिवाळीपर्यंत एक वही कर आणि मग ये."

बुरूज बांधू पाहणाऱ्या मनुष्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, नाही तर पाया घालूनच हात टेकावे लागतात व येणारे-जाणारे हसतात, हा दृष्टान्त लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात आपण सर्वांनी ऐकलेला आहे. हल्ली ज्याला बाजारपेठेची पाहणी म्हणतात, ती दुसरे काय असते? लग्नाचा व्यवसाय काढण्याचा विचार आज अनेक घरांतील तरुण करीत आहेत. त्यांना उपयोगी पडावे म्हणून, त्या मुलीच्या परवानगीने, तिच्या वहीची हकीकत आम्ही येथे देत आहोत.

मागणी कोठे मोजावी?

पहिला धडा आमच्याच कपाटातून निघाला. प्रत्येक ख्रिस्तमंदिरात विवाहनोंदीचे पुस्तक असते. त्यातील नावे कोणास दाखविण्याची नसतात. परंतु कोणत्या महिन्यात किती विवाह झाले, ही बेरीज सांगण्यास हरकत नाही. गेल्या पाच वर्षांचे महिनावार आकडे आम्ही तिला काढून दिले. शेजारच्या धर्मग्रामांतूनही तिने ते विनंती करून मिळविले. चित्र स्पष्ट होते. नाताळ ते प्रायश्चित्तकाळ हा एक हंगाम आणि ईस्टर ते पावसाळा हा दुसरा. प्रायश्चित्तकाळात व आगमनकाळात ओळी जवळजवळ कोऱ्या, आणि पावसाळ्यातही तुरळकच नोंदी.

ईस्टर दर वर्षी २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येतो, म्हणून हे हंगाम कमी-जास्त होतात. २०२५ साली राखेचा बुधवार ५ मार्चला व ईस्टर २० एप्रिलला होता. नाताळापासून राखेच्या बुधवारपर्यंत शनिवार दहा आणि ईस्टरनंतर जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सात, असे एकूण सतरा शनिवार होतात. नोकरदार पाहुण्यांमुळे आठवड्याअखेरच्या दिवसांनाच मागणी अधिक असते आणि एक मनुष्य एका दिवशी एकाच मांडवात उभा राहू शकतो. "लग्ने थांबत नाहीत" हे खरे. परंतु ती सर्व एकदमच येतात, हेही तितकेच खरे. व्यवसाय मात्र बारा महिने भाडे मागतो.

नंतर ती मंगल कार्यालयांत गेली. तेथील व्यवस्थापकांनी तिला दुसरी दिनदर्शिका शिकविली. हिंदू बांधवांची लग्ने आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात होत नाहीत. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त निघू लागतात. पौष महिना पुन्हा बहुतेक घरी वर्ज्य. येथे तिला एक महत्त्वाची गोष्ट दिसली. पौषात, म्हणजे साधारणतः जानेवारीत, कार्यालये, मांडववाले व छायाचित्रकार मोकळे असतात, आणि ख्रिस्ती लग्ने मात्र त्याच दिवसांत भरात असतात. उलट एप्रिल-मे महिन्यांत दोन्ही समाजांचे हंगाम एकमेकांवर आदळतात. ज्या कुटुंबाला तारीख पुढे-मागे करता येते, त्यास नुसते एवढे वेळेवर सांगितले तरी कार्यालय मिळणे सोपे होते व दरही कमी करून मागता येतो. अशी माहिती गाळ्याच्या काचेत मांडून ठेवता येत नाही. पण खरा माल तीच आहे.

कोणास विचारावे, काय विचारावे?

आरंभी तिने मैत्रिणींना विचारले, "तुझ्या लग्नाचे काम मला देशील ना?" सर्वांनी आनंदाने होकार दिला. ती पाने आम्ही तिला फाडावयास सांगितली. स्नेहाच्या होकाराची हुंडी कोणत्याही पेढीत वटत नाही. ज्यांच्या घरी गेल्या दोन वर्षांत लग्न झाले, त्यांच्याकडे जा आणि पुढे काय कराल हे न विचारता मागे काय केले ते विचार, असे आम्ही सुचविले. कोणते काम कोणी केले? कोठे धावपळ झाली? कशासाठी पैसे दिले आणि कशासाठी दिले असते? शेवटी हिशेब किती चुकला?

उत्तरे तिच्या कल्पनेहून निराळी होती. सजावट सुंदर करून देणारे पुष्कळ होते. मोठी कार्यालये तर मांडव, भोजन, रोषणाई सर्व एकाच ठरावात देत होती. त्यांच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नव्हता. लोक रडत होते ते दोन गोष्टींवरून. पहिली म्हणजे, त्या दिवशी सर्वांवर लक्ष ठेवणारे कोणी नव्हते. पूर्वी हे काम एखादा मामा किंवा काका करी. गावातील शेजारी मांडव घालीत व आचाऱ्यावर नजर ठेवीत. आता घरे लहान झाली, भाऊबंद पुण्या-मुंबईस वा आखातात गेले. उरलेल्या एकट्या बापाला मुलीच्या मिस्सेच्या वेळीही खिशातला फोन ऐकावा लागतो.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. आखातात नोकरी करणारा मुलगा तीन-चार आठवड्यांची रजा काढून येतो. स्नानसंस्काराचा अलीकडे काढलेला दाखला, अविवाहित असल्याचे पत्र, विवाहपूर्व शिबिराचे प्रमाणपत्र, दोन्ही धर्मग्रामांत रविवारी होणारे पुकार, यांना तेवढा वेळ पुरत नाही. वधू गोव्याची असली व लग्न तिकडे व्हावयाचे असले, तर चर्चमधील विधीच्या आधी तेथील नोंदणी कार्यालयात जावे लागते. त्यालाच तिकडे "पहिली सही" म्हणतात. विशेष विवाह कायदा, १९५४, याखाली नोंदणी करावयाची तर तीस दिवसांची सूचना लागते. कार्यालयाची आगाऊ रक्कम भरली, पत्रिका छापल्या, आणि दाखला मात्र आला नाही, असे प्रसंग आम्ही स्वतः पाहिले आहेत.

गाळ्याची किंमत लग्नांत मोजावी

आता पैशाचा विचार. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. वाचकांनी आपल्या गावचे दर घालून गणित पुन्हा करावे. समजा, गाळ्याचे भाडे महिना १२,००० रुपये, मदतनिसाचा पगार १०,००० आणि वीज, फोन, प्रवास, जाहिरात मिळून ६,००० रुपये. म्हणजे महिन्यास २८,००० आणि वर्षास ३,३६,००० रुपये. एका लग्नाचे मानधन ३५,००० धरले व त्या दिवसाचे मदतनीस, वाहन, जेवणखाण यांवर ११,००० गेले, तर शिल्लक २४,०००. नुसते भाडे-पगार भागविण्यास चौदा लग्ने लागतात! स्वतःसाठी महिना १५,००० रुपये काढावयाचे तर बावीस. आणि शनिवार आहेत सतरा! अनामत रकमेचे व्याज यात धरलेलेच नाही.

तेच काम घरातून केले, मदतनीस केवळ त्या-त्या दिवसापुरते घेतले व महिन्याचा कायम खर्च ४,००० रुपयांवर ठेवला, तर दोन लग्नांत वर्षाचा कायम खर्च निघतो आणि दहा लग्नांत स्वतःचे वेतनही सुटते. हे गणित त्या मुलीने आमच्यासमोर दोनदा मांडले आणि ती बराच वेळ गप्प राहिली. आई मात्र त्या दिवशी प्रथमच बोलली. ती एवढेच म्हणाली, "मग गाळा नको."

भांडवलाची गरज पडलीच, तर सोन्याकडे वळण्यापूर्वी बँकेत चौकशी करावी. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत "शिशु" या वर्गात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर गोवा व कर्नाटकात वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः सक्तीची नाही. त्यापुढे गेल्यास या सेवेवर १८ टक्के कर लागतो, हे दर सांगतानाच ध्यानात ठेवावे. आचाऱ्याकडे अन्नसुरक्षेचा परवाना आहे की नाही, मद्य ठेवावयाचे असल्यास अबकारी खात्याची परवानगी काढली की नाही, हे पाहणेही व्यवस्थापकाचेच काम. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास २००० सालच्या नियमांनी बंदी आहे. वाद्यवृंदाने वेळ ओलांडली तर पोलिसांसमोर कोण उभे राहील, हे आधीच ठरलेले असावे.

२०२० सालचा अनुभवही विसरू नये. त्या वर्षी मार्चअखेर टाळेबंदी आली आणि मे महिन्यात लग्नास पन्नासच पाहुण्यांची मर्यादा पडली. कित्येकांच्या आगाऊ रकमा अडकल्या, कारण लेखी ठराव कोणाजवळच नव्हता. रद्द झाल्यास किती परत, तारीख बदलल्यास किती वजा, हे एका कागदावर दोघांच्या सहीने असावे. नातेवाइकांशी व्यवहार असेल तर तो कागद अधिकच आवश्यक.

कमिशनचा प्रश्न

वहीचे शेवटचे पान आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. चौकशी करता करता काही पुरवठादारांनी तिला सांगितले, "तुम्ही गिऱ्हाईक आणा, तुमचा टक्का आम्ही बिलातच बसवू." तिने विचारले, "फादर, सगळेच घेतात. मी घेतले तर पाप का?"

आम्ही सांगितले की, मेहनतीचा मोबदला घेण्यात पाप नाही. परंतु ज्याच्या वतीने तू घासाघीस करतेस, त्याच्याच खिशातून त्याला नकळत पैसा काढणे ही चोरी आहे. आणि धंद्याच्या दृष्टीनेही ते शहाणपणाचे नाही. बिल फुगले तर तुझा टक्का फुगतो. मग काटकसरीचा सल्ला तू कोणत्या तोंडाने देणार? तिने विचार करून ठरविले की ठरावीक मानधन घ्यावयाचे आणि पुरवठादाराने काही सूट दिली तर ती कुटुंबाच्या हिशेबात जमा दाखवावयाची.

या निर्णयाचे महत्त्व आम्ही जाणतो. लग्नासाठी काढलेले कर्ज पहिल्या मुलाच्या स्नानसंस्कारापर्यंत फेडीत असलेली जोडपी आमच्याकडे येतात. संस्कार वैध होण्यास वधूवरांची संमती, धर्मगुरू व दोन साक्षीदार पुरतात. बाकीचे आपल्या हौसेचे आहे. हौस करू नये असे आम्ही म्हणत नाही. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपला तेव्हा प्रभूने यजमानाची लाज राखली, उपदेश केला नाही. गोव्यातील जुन्या घरांत लग्नाआधी पितरांच्या स्मरणार्थ गोरगरिबांना जेवू घालण्याची चाल आहे. तिच्यावर होणारा खर्च रोषणाईच्या खर्चापुढे किती अल्प असतो! असे काही सुचविणारा व्यवस्थापक जवळ असेल, तर त्या कुटुंबाचे भाग्यच.

दिवाळीनंतर ठरले ते असे: गाळा नाही, सजावटीचे सामान नाही, शाळेची नोकरी सुटली नाही. आखातातून येणाऱ्या कुटुंबांची कागदपत्रे व लग्नाच्या दिवसाची देखरेख, एवढेच काम. २०२५ च्या ईस्टरनंतर तिने पहिले लग्न पार पाडले. त्या दिवशी केकची गाडी पाऊण तास उशिरा आली आणि एका कुटुंबाने पुढे निम्मे मानधन थकविले. तेही वहीत लिहिलेले आहे. वर्षअखेरीस लग्ने दहा झाली नाहीत. पण कोणाचे देणेही झाले नाही.

गेल्या हंगामात एका लग्नात आम्ही वेदीवरून पाहिले. वधूचा बाप पहिल्या बाकावर स्वस्थ बसला होता. त्याचा फोन दाराशी उभ्या असलेल्या त्या मुलीच्या हातात होता. मागच्या बाकावर तिची आई जपमाळ ओढीत होती, आणि हातात पाटल्या होत्या.