हमीचे मोल

नव्या मोटारसायकलीच्या किमतीत तिच्या हमीचेही मोल अंतर्भूत असते. मात्र वसई-विरारच्या एखाद्या नोकरदाराचे इंजिन मुदतीच्या आत बिघडले, की ‘सर्व्हिसिंग चुकले’, ‘ऑइल बाहेरचे घातले’ अशी कारणे पुष्कळदा पुढे केली जातात. अशा अटी गैर नव्हेत. परंतु त्या मोडल्याचा निवाडा विक्रेत्यानेच करावा, हे गैर आहे. इंजिनाचे ज्ञान एका पक्षाकडे आणि भुर्दंड दुसऱ्याकडे! माहितीच्या या विषमतेने बाजार कसा नासतो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले.

ग्राहक संरक्षणाचा १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा आला. त्यानुसार वाहन मुंबईत घेतले असले, तरी आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

तथापि आयोगापुढे संताप नव्हे, पुरावा बोलतो. म्हणून वाहन दुरुस्तीस देताना दोषाची नोंद असलेले जॉबकार्ड घ्यावे, नकार लेखी मागावा, प्रत्येक पावती जपावी. असा आग्रह धरणे हा उद्धटपणा नव्हे. पैसे मोजून घेतलेला तो हक्क आहे.