साबणाचा फुगा आणि बाळाचा श्वास

आमच्या वसईकडच्या जत्रांत मुले साबणाचे फुगे उडवतात. नळीच्या दोन टोकांना लहान-मोठे असे दोन फुगे जोडले, तर लहान फुगा मोठ्यात रिकामा होतो! फुगा जितका लहान, तितका पृष्ठताणामुळे आतला दाब अधिक.

फुप्फुसांतील इवले वायुकोशही आतून ओलेच. मग ते मिटत का नाहीत? पृष्ठताण घटवणारे द्रव्य फुप्फुसेच बनवतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ते पुरेसे नसते, हे एव्हरी व मीड यांनी १९५९ साली दाखवले. मिटलेले वायुकोश दर श्वासाला उघडताना बाळ थकते.

१९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी गोवंशाच्या फुप्फुसांतून मिळवलेले द्रव्य अशा बाळांच्या श्वासनलिकेत सोडले. त्यांचा श्वास सुधारला. दुसरा उपाय साधा: बाळाला नाकावाटे हवा देऊन बाहेरची नळी ५ सेंटीमीटर पाण्यात बुडवतात. तेवढा दाब वायुकोश उघडे ठेवतो. तुमच्या पुस्तकातला पाण्याच्या दाबाचा नियम तो हाच!